शिरोलीची भट्टी आणि जिनिव्हाचे नियम

पुण्याहून बंगळुरू महामार्गाने कोल्हापूरकडे येताना पंचगंगेचा पूल लागण्याआधी शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. पुलाची शिरोली या गावाच्या नावाने ती ओळखली जाते. येथील फौंड्रीमध्ये ओतलेले कास्टिंग ट्रॅक्टरच्या इंजिनात, पंपात, व्हॉल्व्हमध्ये किंवा मालमोटारीच्या धुऱ्यावर बसते. त्यातील काही भाग देशातील वाहन कारखान्यांत जातो, तर काही भाग समुद्रमार्गे परदेशी ग्राहकाकडे जातो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आणि जुने शिवाजी उद्यमनगर मिळून कोल्हापूर परिसरात सुमारे तीनशे फौंड्री आहेत. देशातील प्रमुख फौंड्री केंद्रांत कोल्हापूरची गणना होते.

आंतरराष्ट्रीय संघटना म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्कची उंच इमारत, भाषणे आणि ठराव येतात. हे सारे आपल्यापासून फार दूर आहे, असा समज त्यामुळे होतो. प्रत्यक्षात शिरोलीतून निर्यात होणाऱ्या एका पेटीवर किमान चार आंतरराष्ट्रीय संस्थांचा शिक्का असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, इतकेच. कागदावरचा वर्गीकरण क्रमांक ब्रुसेल्समधील जागतिक सीमाशुल्क संघटनेने ठरविलेला असतो. कारखान्याच्या दारावरचे गुणवत्ता प्रमाणपत्र जिनिव्हात लिहिलेल्या मानकावर आधारलेले असते. पेटी वाहणारे जहाज लंडनस्थित आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सुरक्षा नियमांनी बांधलेले असते आणि परदेशी बंदरात त्या मालावर किती आयातशुल्क लागावे याची कमाल मर्यादा जागतिक व्यापार संघटनेतील वचनांनी आखलेली असते. २०२५ या वर्षाने मात्र यातील शेवटची रेषा किती पुसट झाली आहे, हे शिरोलीच्या उद्योजकांना दाखवून दिले.

संघटना म्हणजे नेमके काय?

आंतरराष्ट्रीय संघटना ही सार्वभौम राष्ट्रांनी करार करून स्थापन केलेली संस्था होय. तिच्याकडे स्वतःचे सैन्य नसते, कर बसविण्याचा अधिकार नसतो. सदस्यांनी दिलेल्या वर्गणीवर आणि सदस्यांनी मान्य केलेल्या मर्यादेतच ती चालते. त्यामुळे संघटना निष्प्रभ ठरली असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बहुतेक वेळा तिच्या प्रमुख सदस्यांनी तिला निष्प्रभ ठेवलेले असते. संयुक्त राष्ट्रसंघाची स्थापना १९४५ मध्ये ५१ सदस्यांनिशी झाली. आज ही संख्या १९३ आहे. भारत स्वतंत्र होण्यापूर्वीपासूनच तिचा संस्थापक सदस्य आहे.

या संस्थांच्या जन्मकाळी मराठी माणसे हजर होती, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तेथे गेले होते. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता. १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांनी जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आराखडा तयार केला, त्या भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. रायगड जिल्ह्यातून आलेल्या या गृहस्थांनी ज्या नाणेनिधीच्या पायाभरणीत भाग घेतला, त्याच नाणेनिधीकडे १९९१ मध्ये भारताला तातडीच्या कर्जासाठी जावे लागले. त्यानंतरच्या आर्थिक सुधारणांमुळे विदेशी वाहन कंपन्या देशात आल्या आणि कोल्हापूरच्या फौंड्रींना शेतीच्या ऑइल इंजिनापलीकडची बाजारपेठ मिळाली. याच सुधारणांनी परदेशी स्पर्धाही दारात आणली.

नाणेनिधीत एक देश एक मत असा नियम नाही. भारताचा कोटा सुमारे पावणेतीन टक्के आहे. महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मते आहेत. याचा अर्थ एकटी अमेरिका असा कोणताही निर्णय रोखू शकते. जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकेने सुचविलेला आणि नाणेनिधीचा प्रमुख युरोपातील असावा, हा अलिखित प्रघातही १९४० च्या दशकापासून चालत आला आहे. जून २०२३ मध्ये जागतिक बँकेच्या अध्यक्षपदी आलेले अजय बंगा यांचा जन्म पुण्याजवळच्या खडकीचा. मात्र ते अमेरिकी नागरिक आहेत आणि त्यांचे नाव अमेरिकेनेच सुचविले होते.

प्रमाणपत्राचा गोंधळ

शिरोलीत फिरताना अनेक फाटकांवर 'आयएसओ' अशी पाटी दिसते. तिच्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. १९४७ मध्ये कामास लागलेली ही जिनिव्हातील संघटना कोणत्याही कारखान्याला प्रमाणपत्र देत नाही. ती केवळ मानके लिहिते. तपासणी आणि प्रमाणपत्र हे काम स्वतंत्र संस्था शुल्क घेऊन करतात. ही संघटना सरकारांची नसून राष्ट्रीय मानक संस्थांची आहे आणि भारताच्या वतीने भारतीय मानक ब्युरो तिचा सदस्य आहे. वाहनउद्योगाला माल देणाऱ्यांसाठीचे 'आयएटीएफ १६९४९' हे मानक तर सरकारांनीही नव्हे, तर युरोप-अमेरिकेतील वाहन कंपन्यांच्या गटाने तयार केले आहे.

कायद्याच्या दृष्टीने ही मानके ऐच्छिक आहेत. व्यवहारात ती ऐच्छिक नाहीत. मोठा ग्राहक प्रमाणपत्राशिवाय ऑर्डर देत नाही आणि प्रमाणपत्र टिकविण्यासाठी दरवर्षी तपासणीचा खर्च येतो. पन्नास कामगारांच्या फौंड्रीला आणि पाच हजार कामगारांच्या कारखान्याला कागदपत्रांची चौकट जवळपास सारखीच सांभाळावी लागते. मानके तयार करणाऱ्या समित्यांमध्ये लहान उद्योजकाचा आवाज नगण्य असतो. ही तक्रार कोल्हापूरपुरती नाही, विकसनशील देशांतील लघुउद्योगांची ती जुनी तक्रार आहे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या मानकांमुळेच शिरोलीतील एखाद्या अपरिचित कारखान्याचा माल जर्मनीतील खरेदीदार न पाहता स्वीकारू शकतो.

सीमाशुल्क संघटनेचे काम त्याहून शांतपणे चालते. १९८८ मध्ये अमलात आलेली तिची वर्गीकरण पद्धत दोनशेहून अधिक देश व प्रदेश वापरतात आणि जगाच्या मालव्यापारातील ९८ टक्क्यांहून अधिक माल तिच्यात बसतो. लोखंडी कास्टिंग ७३२५ या शीर्षकाखाली येते. त्याच कास्टिंगवर यंत्रकाम करून ते इंजिनाचा भाग झाले की ८४०९ आणि वाहनाचा भाग झाले की ८७०८. चार आकड्यांच्या या फरकावर आयातशुल्क बदलते आणि २०२५ मध्ये याच आकड्यांनी निर्यातदारांची झोप उडविली.

न्यायालय आहे, न्यायाधीश नाहीत

जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आली. आज तिचे १६६ सदस्य आहेत. तिचे वेगळेपण तिच्या तंटानिवारण पद्धतीत होते. लहान देश मोठ्या देशाविरुद्ध तक्रार करू शकत होता, निवाडा समिती निर्णय देत होती आणि त्यावर सात सदस्यांच्या अपील मंडळाकडे दाद मागता येत होती. अन्य कोणत्याही जागतिक संस्थेला असे दात नव्हते.

ते दात पाडले गेले. अपील मंडळ आपल्या अधिकाराबाहेर जाते, असा आक्षेप घेऊन अमेरिकेने २०१७ पासून नव्या सदस्यांच्या नेमणुका रोखून धरल्या. नेमणुकीला सर्वसंमती लागत असल्याने एका देशाचा नकार पुरेसा ठरला. अपील ऐकण्यास किमान तीन सदस्य लागतात. डिसेंबर २०१९ मध्ये ती संख्या उरली नाही आणि मंडळ बंद पडले. विशेष म्हणजे हे धोरण अमेरिकेतील एका पक्षाचे नाही. सरकार बदलले तरी ते बदलले नाही. तेव्हापासून एखादा देश हरला की तो अपील दाखल करतो आणि प्रकरण अधांतरी राहते. काही देशांनी आपसात पर्यायी लवादाची सोय केली. भारत तिच्यात सामील झालेला नाही.

याचा शिरोलीशी संबंध काय? अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन पोलादावर २५ टक्के शुल्क लावले. भारतासह अनेक देशांनी तक्रार केली. अन्य देशांच्या तक्रारींवर डिसेंबर २०२२ मध्ये निवाडा समित्यांनी अमेरिकेविरुद्ध निर्णय दिला आणि अमेरिकेने तो त्याच बंद पडलेल्या मंडळाकडे अपिलात नेला. भारताने जून २०२३ मध्ये अमेरिकेशी तडजोड करून आपला वाद मिटविला. २०२५ मध्ये सारे पुन्हा सुरू झाले. मार्चमध्ये पोलादावर २५ टक्के, मे महिन्यात वाहनांच्या सुट्या भागांवर २५ टक्के, जूनमध्ये पोलादावरील शुल्क दुप्पट होऊन ५० टक्के आणि ऑगस्टअखेर भारतातून जाणाऱ्या इतर बहुतांश मालावरही ५० टक्के. आपले कास्टिंग नेमक्या कोणत्या यादीत बसते, हे शोधण्यातच निर्यातदारांचे दिवस गेले. भारताने मे आणि जुलैमध्ये जिनिव्हात नोटीस देऊन प्रतिशुल्काचा हक्क राखून ठेवला. ही शुल्के सुरक्षेच्या कारणास्तव असल्याने ती संबंधित कराराच्या कक्षेतच येत नाहीत, असे अमेरिकेने कळविले. हा वाद कोणाचा खरा, हे सांगणारे शेवटचे व्यासपीठ मात्र अस्तित्वात नव्हते.

नियमांचे हे हत्यार भारतही वापरतो. देशी उत्पादकांच्या संरक्षणासाठी जानेवारी २०२५ पासून केंद्राने धातुकामाच्या कोकच्या आयातीवर देशनिहाय कोटा लावला. आयात रोखल्याने कोक बनविणाऱ्याचा लाभ होतो, पण कपोला भट्टीत कोक जाळणाऱ्या फौंड्रीला दर आणि पुरवठा या दोन्हींची चिंता लागते.

उसाचा खटला

शिरोलीच्या भोवती ऊस आहे आणि व्यापार संघटनेतील भारताचा एक मोठा खटला उसाचाच आहे. भारतातील उसाचा रास्त व किफायतशीर दर आणि साखर निर्यातीचे अनुदान नियमबाह्य आहे, अशी तक्रार ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये केली. विकसनशील देशाने एखाद्या पिकाला दिलेला असा आधार त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असे कृषी करार सांगतो. २०१४-१५ ते २०१८-१९ या हंगामांत भारताने ही मर्यादा ओलांडली, असा निर्णय समितीने डिसेंबर २०२१ मध्ये दिला.

भारताचा युक्तिवाद सरळ होता. उसाचा दर कारखाने देतात, सरकार देत नाही. मग ते सरकारी अनुदान कसे? समितीने तो मानला नाही. दर सरकारने बांधून दिला आणि तो देणे सक्तीचे असले की तो बाजारभावाचा आधार ठरतो, असे तिचे म्हणणे. दराच्या आंदोलनांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापुरात ऊसदर हा शेतकरी आणि कारखानदार यांच्यातील प्रश्न समजला जातो. जिनिव्हाच्या लेखी तो राष्ट्राने दिलेला आधार आहे. जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केले. ऐकणारे मंडळच नसल्याने निर्णय लागू झाला नाही. अपील मंडळ बंद असण्याचा पोलादाच्या प्रकरणात जो तोटा, तोच येथे फायदा ठरला! विश्वसंस्थांविषयी बोलताना कोणत्याही देशाची भूमिका निखळ तत्त्वाची नसते, ती अशी.

जागतिक बँक भट्टीपाशी

फौंड्रीत सर्वाधिक खर्चाच्या बाबींपैकी एक म्हणजे ऊर्जा. कपोला भट्टीत कोक लागतो, इंडक्शन भट्टीत वीज. १९९० च्या दशकात 'टेरी' या भारतीय संस्थेने स्विस सरकारच्या विकास साहाय्यातून हवेचे दोन झोत असणारी सुधारित कपोला विकसित केली आणि १९९८ मध्ये हावडा येथे तिचे प्रात्यक्षिक झाले. साध्या कपोलापेक्षा तिला कोक बराच कमी लागतो. झोतांची उंची, हवेचा दाब आणि भट्टीचा घेर यांचे गणित नीट जमविणे, एवढेच त्यामागचे तत्त्व. पण ते लहान फौंड्रीच्या आवाक्यात आणण्यासाठी बाहेरचा पैसा लागला.

२०१० मध्ये जागतिक पर्यावरण सुविधा या निधीच्या सुमारे १ कोटी १३ लाख डॉलर अनुदानातून लघुउद्योगांच्या ऊर्जाबचतीचा प्रकल्प जागतिक बँकेमार्फत सुरू झाला. त्यासाठी प्रारंभी देशातील पाच औद्योगिक समूह निवडले गेले. कोल्हापूरच्या फौंड्री आणि पुण्याचा फोर्जिंग उद्योग हे महाराष्ट्रातील दोन; अंकलेश्वर, फरीदाबाद आणि तिरुनेलवेली हे इतर तीन. ऊर्जा दक्षता ब्युरो आणि सिडबी यांच्याकडे अंमलबजावणी होती. बँकेने कारखान्यात भट्ट्या बसविल्या नाहीत. कारखान्याची ऊर्जा तपासणी करायची, बँकेला पटेल असा प्रकल्प अहवाल तयार करायचा आणि कर्ज मात्र देशी बँकेने द्यायचे, अशी रचना होती.

या रचनेतच आंतरराष्ट्रीय साहाय्याची ताकद आणि मर्यादा दिसते. लहान उद्योजकाकडे ऊर्जाबचतीची कल्पना नसते असे नाही. बँकेच्या शाखाधिकाऱ्याला पटेल असा कागद त्याच्याकडे नसतो. तो कागद करून देणे, हे काम मोलाचे. परंतु अहवालात सुचविलेली दुरुस्ती करण्यासाठी भट्टी काही दिवस बंद ठेवावी लागते आणि त्या काळात ऑर्डर हातची जाते, हे गणित कोणत्याही अनुदानात बसत नाही.

आता या प्रश्नाला युरोपने वेगळी कलाटणी दिली आहे. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून आयात मालाच्या उत्पादनात किती कार्बन उत्सर्जन झाले याची माहिती मागण्यास प्रारंभ केला आणि जानेवारी २०२६ पासून त्यावर प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा आला. लोखंड-पोलादाच्या पहिल्या यादीत नळ आणि नळजोडण्या आहेत, इंजिन आणि वाहनांचे बहुतेक सुटे भाग नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद व ॲल्युमिनियमपासून बनणारी आणखी सुमारे १८० उत्पादने त्यात आणण्याचा प्रस्ताव मांडला. २०१५ च्या पॅरिस करारात विकसित आणि विकसनशील देशांची जबाबदारी समान नसल्याचे तत्त्व मान्य झाले असताना युरोपने एकतर्फी सर्वांना एकच मोजपट्टी लावावी, यास भारताचा आक्षेप आहे. तो रास्तही आहे. पण आक्षेपाचा निकाल लागेपर्यंत युरोपीय ग्राहकाच्या प्रश्नावलीला उत्तर द्यावेच लागते आणि एक टन कास्टिंगमागे किती कोक व किती युनिट वीज लागली, याची नोंदवही आजवर अनेक लहान फौंड्रींनी ठेवलेलीच नाही.

युद्ध आणि पिग आयर्न

सुरक्षा परिषदेविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरे. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाच्या निषेधाचा ठराव परिषदेत ११ मते मिळूनही रशियाच्या नकाराधिकारामुळे फेटाळला गेला. भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिरातींनी मतदानात भाग घेतला नाही. रशिया आणि युक्रेन हे दोघेही पिग आयर्नचे मोठे निर्यातदार. युद्धाने जगभरात या कच्च्या मालाचे भाव भडकले, देशी उत्पादकांचा ओढा निर्यातीकडे वळला आणि अखेर २२ मे २०२२ पासून केंद्राला पिग आयर्नवर १५ टक्के निर्यातशुल्क लावावे लागले. ते नोव्हेंबरमध्ये मागे घेण्यात आले. कायम सदस्यत्वासाठीचा भारताचा आग्रह हा एरवी प्रतिष्ठेचा विषय मानला जातो. परिषदेची सदस्यसंख्या शेवटची वाढली ती १९६५ मध्ये, ११ वरून १५.

धुळीचा हिशेब

या सर्व संस्थांमध्ये कामगाराला प्रत्यक्ष मत देणारी एकच संघटना आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी असतात: सरकारचे दोन, मालकांचा एक, कामगारांचा एक. ना. म. जोशी गेले ते याच जागेवर.

फौंड्रीत साचे वाळूचे असतात. साचा फोडताना, कास्टिंगवरची वाळू झाडताना आणि फेटलिंग करताना सिलिकाची सूक्ष्म धूळ उडते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात साठली की सिलिकोसिस होतो; त्यावर उपचार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये स्फटिकरूप सिलिकाला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. त्याआधी १९९५ मध्ये आरोग्य संघटना आणि कामगार संघटना यांनी मिळून सिलिकोसिस निर्मूलनाचा जागतिक कार्यक्रम जाहीर केला. त्याची मुदत २०३० आहे.

जून २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यपूर्ण कामाची जागा हा कामगारांचा मूलभूत हक्क असल्याचे कामगार संघटनेने मान्य केले. अशी मूलभूत तत्त्वे संबंधित करारावर स्वाक्षरी न केलेल्या सदस्य देशांनाही पाळावी लागतात. परंतु न पाळल्यास संघटना अहवालात तसे नोंदविण्यापलीकडे फार काही करू शकत नाही. तिच्याकडे व्यापार संघटनेसारखे प्रतिशुल्क नाही, बँकेसारखा कर्जाचा हप्ता नाही. दंड करणे, कारखाना तपासणे हे राज्य सरकारच्या यंत्रणेचे काम. सिलिकोसिस हा कारखाना कायदा १९४८ नुसार कळविणे बंधनकारक असलेला आजार होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.

अडचण अशी की हा आजार उघड व्हायला बहुधा दहा-वीस वर्षे लागतात आणि फेटलिंगच्या कामावर तोवर तोच कामगार राहत नाही. कंत्राटी मजूर दोन-तीन वर्षांत कारखाना बदलतो किंवा उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातील आपल्या गावी परततो. खोकला सुरू होतो तो तिकडे, आणि तेथील डॉक्टर बहुधा क्षयाचे औषध लिहून देतो. अशा रुग्णाची नोंद कोल्हापूर जिल्ह्याच्या खाती पडत नाही, मग ती देशाच्या अहवालात आणि तेथून जिनिव्हात पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही. तुलनेने स्वस्त उपाय उपलब्ध आहेत: वाळू ओलसर ठेवणे, फेटलिंगच्या जागी धूळ ओढून घेणारे पंखे, योग्य प्रतीचा मास्क आणि कामगार सोडून जाताना त्याच्या हाती दिलेला छातीच्या क्ष-किरण तपासणीचा अहवाल.